हिरव्या दगडाचे नाव-गाव

अनोळखी पाहुणा ओसरीवर आला म्हणजे आपल्याकडे त्याला आधी पाणी देतात आणि मग दोनच गोष्टी विचारतात: आपले नाव काय, आणि गाव कोणते? या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली की पाहुण्याची निम्मी ओळख पटते. आज ज्या पाहुण्याविषयी मी चार शब्द बोलणार आहे तो माणूस नव्हे, दगड आहे. तो हिरवा, पारदर्शक आणि पैलूदार असून जगातील मोठमोठ्या संग्रहालयांत काचेच्या कपाटात बसलेला असतो. तो आपल्या मुलखातून तेथे गेला. त्याला नावे पुष्कळ मिळाली. परंतु गावाच्या बाबतीत मात्र त्याच्याशी फारसा न्याय झाला नाही. श्रोतेहो, या नावाचा आणि गावाचा इतिहास ऐकण्याजोगा आहे, कारण त्यात दगडापेक्षा माणसांविषयीच अधिक कळते.

या दगडाचे शास्त्रीय नाव ॲपोफिलाइट. तो बहुधा पांढरा किंवा पाण्यासारखा निर्मळ असतो. पण पुण्याजवळच्या पाषाण गावच्या टेकड्यांत तो कोवळ्या भातरोपासारखा हिरवा सापडला, आणि या हिरव्या रंगाने त्याला जगभर प्रतिष्ठा मिळवून दिली. गावाचे नावच पाषाण, आणि त्याची कीर्ती व्हावी पाषाणामुळेच, हा योगायोग मोठा मौजेचा आहे. हा खडा हाती आला तर कोणी त्याला पाचू समजेल, पण तो पाचू नव्हे. पाचू कठीण असतो, तर या खड्यावर चाकूच्या टोकाने चरा पडतो. शिवाय त्याचे आडवे पापुद्रे सहज सुटतात. त्यामुळे अंगठीत बसवून रोज वापरण्यास तो निरुपयोगीच म्हणावयाचा. त्याला मोल येते ते निसर्गाने त्याला दिलेल्या आकारामुळे. मनुष्याच्या हाताने एकही पैलू न पाडता तो चौकोनी खांबासारखा किंवा टोकदार मनोऱ्यासारखा वाढतो. त्याच्या शेजारी मोतिया किंवा फिकट गुलाबी रंगाच्या स्टिल्बाइट नावाच्या खनिजाच्या जुड्या असतात. हे सगळे एकाच काळ्या दगडाच्या पोकळीत मांडलेले असते. संग्राहक जे विकत घेतो ते हे अखंड मांडलेले घर. त्यातील एखादा खडा सुटा केला की त्याची शोभा गेली.

हे घर बांधले कोणी? त्यासाठी आपल्याला सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षे मागे जावे लागते. त्या काळी पश्चिम हिंदुस्थानात जमिनीला भेगा पडून लाव्हारसाचे थर एकावर एक पसरले. आज जवळजवळ ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश या काळ्या पाषाणाने व्यापलेला आहे. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १,६४६ मीटर उंचीचे, ते याच दगडाचे. रायगड, राजगड, वेरूळची लेणी, आपल्या घराच्या पायथ्याचे चिरे आणि रस्त्यावरची खडी हीही त्याचीच. दमणगंगेच्या काठचे आमचे सिल्वासा आणि खानवेलकडे चढत जाणाऱ्या टेकड्या या अफाट पटाच्या पश्चिम पदराला आहेत. पायऱ्यापायऱ्यांनी चढत जाणारे हे डोंगर पाहून युरोपातील शास्त्रज्ञांनी स्वीडिश भाषेतील पायरीवाचक शब्द घेतला आणि या खडकाला ट्रॅप म्हटले.

लाव्हा थंड होताना त्यातील वायू बाहेर पडू पाहतो. जो बाहेर पडू शकला नाही तो बुडबुड्यांच्या रूपाने दगडात कोंडला जातो. भाकरी फुगताना आत जशी पोकळी राहते तशाच या पोकळ्या. कोठे वाटाण्याएवढ्या, तर कोठे माणूस आत बसू शकेल एवढ्या. पुढे दगडाच्या फटींतून ऊन पाणी झिरपू लागले. त्या पाण्याने खडकातील चुना, वाळूचे द्रव्य आणि क्षार विरघळवून घेतले आणि पोकळीत आणून निवांतपणे ठेवले. पाण्याची उष्णता उतरेल तसतशी निरनिराळी खनिजे पाळीपाळीने बसत गेली. ॲपोफिलाइट हा या पंक्तीत बहुधा उशिरा येऊन बसणारा. त्याच्या काही स्फटिकांचे वय शास्त्रज्ञांनी मोजले आहे. लाव्हा थिजल्यानंतर कोट्यवधी वर्षांनी ते घडले असे त्यावरून दिसते. म्हणजे दगड एका युगातला आणि त्याच्या पोटातला स्फटिक दुसऱ्या युगातला.

आता नावाकडे वळू. या खनिजाला आरंभीच्या काळात जे एक नाव मिळाले, त्याची हकीकत आम्हां नगरहवेलीच्या रहिवाशांना विशेष जवळची वाटावी अशी आहे. ब्राझीलमधील सांतुस येथे १७६३ साली जन्मलेला जुझे बोनिफासिओ दि आंद्रादा इ सिल्वा हा पोर्तुगीज सत्तेचा प्रजाजन. कोइंब्राच्या विद्यापीठात त्याचे शिक्षण झाले आणि १७९० साली पोर्तुगालच्या दरबाराने त्याला खाणींचा व खनिजांचा अभ्यास करण्यासाठी युरोपच्या प्रवासास पाठविले. जर्मनीतील फ्रायबर्ग येथे तो वेर्नर नावाच्या थोर आचार्यांपाशी शिकला. नंतर स्वीडन आणि नॉर्वेतील खाणी त्याने पायी धुंडाळल्या. स्वीडनच्या ऊटो बेटावरील लोखंडाच्या खाणीत मिळालेल्या खनिजांचे वर्णन त्याने १८०० साली प्रसिद्ध केले. त्यांत एक चमकदार खनिज होते. त्याच्या सपाट माथ्यावरून मोत्यासारखा प्रकाश परतताना पाहून त्याला माशाच्या डोळ्याची आठवण झाली आणि त्याने ग्रीक शब्द जोडून त्याला ‘मत्स्याक्ष’ अशा अर्थाचे नाव दिले. तेच आजचे ॲपोफिलाइट. त्याच लेखात त्याने पेटालाइट या खनिजाचेही वर्णन केले. त्यातूनच पुढे १८१७ मध्ये लिथियम हे मूलद्रव्य सापडले. हातातल्या दूरध्वनीला आज शक्ती पुरविणाऱ्या घटात तेच असते. हाच बोनिफासिओ पुढे मायदेशी परतला आणि १८२२ मध्ये पोर्तुगालपासून स्वतंत्र झालेल्या ब्राझीलच्या स्वातंत्र्याचा पिता म्हणून मान्यता पावला. दगडाला नाव देणारा मनुष्य एका राष्ट्रालाही नाव मिळवून देता झाला, असे म्हणावयास हरकत नाही.

हे सर्व घडत होते तेव्हा आमच्या नगरहवेलीत काय चालले होते? १७७९ च्या डिसेंबरात पेशवे आणि पोर्तुगीज यांच्यात मैत्रीचा तह झाला. त्या तहान्वये वार्षिक १२,००० रुपये उत्पन्नाची गावे पोर्तुगीजांना तोडून द्यावयाची होती. १७८३ मध्ये नगरहवेली त्यांच्या ताब्यात गेली आणि १७८५ मध्ये दादरा. बोनिफासिओने आपला मत्स्याक्ष जगापुढे ठेवला तेव्हा लिस्बनची सत्ता येथे सतरा वर्षांची झाली होती. त्या सत्तेचा एक विद्वान स्वीडनच्या खाणीत खनिजे वेचत होता. आणि त्याच सत्तेच्या हाती असलेली ही भूमी ज्या पाषाणाची बनलेली आहे, त्या पाषाणात ॲपोफिलाइटचे जगातील सर्वांत देखणे स्फटिक दडलेले होते. पण कागदोपत्री आमच्या मुलखाची ओळख ती केवढी? बारा हजार रुपये वसुलाची गावे, एवढीच. दगडाला जे कुतूहल लाभले ते गावांना लाभले नाही. दादरा व नगरहवेली यांची सुटका पुढे १९५४ साली झाली. २ ऑगस्टला सिल्वासा मुक्त झाले. त्यावर हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात खटला चालला आणि १९६० मध्ये निकाल लागला. त्या निकालातही न्यायाधीशांनी १७७९ च्या कागदांचा अर्थ लावताना सांगितले की, मराठ्यांनी दिले होते ते सरंजामाच्या स्वरूपाचे महसुलाचे उत्पन्न, सार्वभौमत्व नव्हे. एका शब्दाचा अर्थ ठरावयाला पावणेदोनशेहून अधिक वर्षे लागली. नाव कोण देतो आणि कोणत्या अर्थाने देतो, याला किती महत्त्व असते हे यावरून ध्यानात यावे.

मत्स्याक्ष हे नाव मात्र टिकले नाही. फ्रान्समध्ये रने जुस्त आउई नावाचे एक धर्मगुरू होते; स्फटिकांच्या आकारांचे गणित शोधणारे ते पहिले मोठे शास्त्रज्ञ. त्यांनी १८०६ साली या खनिजाला ॲपोफिलाइट हे नाव दिले. ग्रीक भाषेत त्याचा आशय ‘पान सुटणे’ असा आहे. हा खडा ज्योतीत धरला असता त्यातील पाणी निघून जाते आणि त्याचे पानासारखे पापुद्रे सुटू लागतात. त्यावरून हे नाव. या खनिजात पोटॅशियम, कॅल्शियम, सिलिका आणि बहुधा फ्लोरिन असते. त्याचबरोबर पाणीही घट्ट बांधलेले असते. त्याच पोकळ्यांत राहणाऱ्या झिओलाइट नावाच्या खनिजांचेही असेच आहे. स्वीडनच्या क्रोनस्टेट या शास्त्रज्ञाने १७५६ मध्ये त्यांना ‘उकळणारा दगड’ या अर्थाचे नाव दिले, कारण तापविल्यावर ते फसफसतात. ॲपोफिलाइट हा झिओलाइटांचा सख्खा भाऊ नव्हे. त्याची अंतर्रचना पानापानांची, तर त्यांची जाळीची. तरी एकाच घरात राहिल्याने पुष्कळ जण त्याला त्याच कुळातला समजतात.

येथवरची हकीकत परदेशातली झाली. दक्खनच्या दगडांकडे शास्त्रीय दृष्टीने प्रथम पाहणाऱ्यांत कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांचे नाव घ्यावे लागते. १८२४ साली मुंबई सरकारने त्यांना दक्षिणेच्या मुलखाची पाहणी करण्यास नेमले. वर्षानुवर्षे ते गावोगाव फिरले. पिके, पक्षी, मासे, माणसे आणि दगड यांची त्यांनी नोंद केली आणि दक्खनच्या भूरचनेवरचा त्यांचा निबंध लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेने प्रसिद्ध केला. त्याच सुमारास पुण्याकडून इंग्लंडात गेलेल्या एका शुभ्र, सुईदार खनिजाची हेन्री जेम्स ब्रुक यांनी तपासणी केली आणि १८३१ मध्ये त्याला ‘पूनालाइट’ असे नाव दिले. पुण्याचे नाव खनिजांच्या यादीत चढले! परंतु हा मान टिकला नाही. बारकाईने परीक्षा झाली तेव्हा हे मेसोलाइट नावाचे, पूर्वीच ठाऊक असलेले खनिज ठरले आणि पूनालाइट हा शब्द कोशाच्या तळटीपेत जाऊन बसला. शास्त्राच्या दरबारात भावनेला जागा नाही, हे योग्यच आहे. पण आपल्या गावाचे नाव असलेले खनिज यादीतून गळाले याची थोडी चुटपूट वाटल्यावाचून राहत नाही.

यानंतर या स्फटिकांची पोकळी उघडली ती आगगाडीने. मुंबईहून पुण्याकडे जाण्यासाठी बोरघाट चढणे भाग होते. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने १८५६ मध्ये घाटाचे काम सुरू केले आणि १८६३ मध्ये तो वाहतुकीस खुला झाला. सुमारे पंधरा मैलांच्या चढावात १,८३१ फूट उंची गाठावयाची, पंचवीस बोगदे खणावयाचे आणि तेही काळ्याकभिन्न पाषाणात. काम ऐन भरात असताना चाळीस हजारांहून अधिक मजूर तेथे राबत होते. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये घाटात येऊन थोड्याच दिवसांत वारला. त्याची पत्नी ॲलिस हिने कंत्राट आपल्या हाती ठेवून काम पुढे चालविले. पटकीच्या साथीने आणि अपघातांनी मजूर तर हजारोंनी मेले. पहार, छिन्नी, हातोडा आणि सुरुंगाची दारू एवढ्यावर त्यांनी डोंगर फोडला. सुरुंग उडाला की कोठे कोठे दगडाचे पोट उघडे पडे आणि आत स्फटिक लखलखताना दिसत. ते अभियंत्यांच्या बंगल्यावर गेले, तेथून बोटीने विलायतेला गेले आणि तेथील संग्रहालयांनी ते आदराने ठेवून घेतले.

त्या नमुन्यांजवळच्या जुन्या चिठ्ठ्यांवर काय लिहिलेले आढळते? ‘स्याद्री पर्वत, मुंबई’! सह्याद्री हा शब्दही विलायती लेखणीला नीट पेलला नाही. केवढा हा सह्याद्री! तापीपासून केरळापर्यंत पसरलेला. त्यातला कोणता घाट, कोणता बोगदा, कोणते गाव, याची नोंद नाही. आणि ज्याच्या हातून ती पोकळी फुटली त्या मजुराचे नाव तर कोणी विचारलेच नाही.

हिरव्या ॲपोफिलाइटचा सुवर्णकाळ विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आला. पुणे शहर वाढू लागले, इमारतींना आणि रस्त्यांना खडी हवी झाली, आणि पाषाणच्या टेकड्यांत खाणी चालू झाल्या. तेथून निघालेले हिरवे स्फटिक पाहून परदेशी संग्राहक चकित झाले. हा हिरवा रंग येतो कोठून, हा प्रश्न शास्त्रज्ञांपुढे होता. तांबे असेल, लोखंड असेल, असे तर्क सहज सुचण्यासारखे होते. अमेरिकेतील जॉर्ज रॉसमन यांनी पुण्याच्या नमुन्यांतून प्रकाश पाठवून तो तपासला आणि १९७४ मध्ये दाखवून दिले की हा रंग व्हॅनेडियम या धातूच्या अल्पांशाचा आहे. त्याच वर्षी मुंबईचे भूवैज्ञानिक सुखेशवाला, अवासिया आणि गंगोपाध्याय यांनी पश्चिम हिंदुस्थानातील या पोकळ्यांतल्या खनिजांविषयीचा आपला निबंध इंग्लंडच्या खनिजविज्ञान-पत्रिकेत प्रसिद्ध केला. १९७६ मध्ये रॉक करियर या अमेरिकन जाणकाराने दक्खनच्या खाणींतून नमुने कसे निघतात याचे सविस्तर वर्णन केले, आणि या व्यापाराची ओळख जगाला झाली.

व्हॅनेडियमची आणखी एक करामत सांगण्यासारखी आहे. याच धातूमुळे गडद निळा झालेला कॅव्हन्साइट हा स्फटिक प्रथम अमेरिकेच्या ऑरेगन राज्यात अगदी थोडा मिळाला होता आणि १९७३ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन झाले. पुढे पुण्याच्या दुसऱ्या बाजूस वाघोलीच्या खाणीत तो अशा विपुलतेने व अशा सौंदर्याने सापडला की आज कॅव्हन्साइट म्हटले की जाणकारांच्या तोंडी वाघोलीचेच नाव येते. पाषाणला हिरवा, वाघोलीला निळा. एकाच धातूचे हे दोन रंग एकाच शहराच्या दोन वेशींवर असावेत ही निसर्गाची कृपाच होय. हिरव्या रंगाचे आणखी एक खनिज मुंबईच्या उपनगरांतील खाणींतून निघाले. त्याचे नाव प्रेहनाइट. केप वसाहतीतील प्रेन नावाच्या कर्नलाच्या स्मरणार्थ वेर्नर यांनी १७८८ मध्ये हे नाव ठेवले, आणि एखाद्या व्यक्तीचे नाव खनिजाला देण्याची प्रथा तेथून रूढ झाली असे मानतात. म्हणजे कर्नलाचे नाव खनिजाला मिळाले. मजुराचे मात्र अजून मिळावयाचे आहे.

पाषाणची आणखी एक गोष्ट या ठिकाणी सांगितली पाहिजे. १९५० च्या जानेवारीत याच पाषाण परिसरात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे उद्घाटन पंडित जवाहरलाल नेहरूंच्या हस्ते झाले. पुढे येथील शास्त्रज्ञांनी, त्यांत पॉल रत्नसामी यांचे नाव अग्रभागी येते, कृत्रिम झिओलाइट बनविण्याचे तंत्र सिद्ध केले. त्याचा उपयोग खनिज तेलाच्या रसायन-उद्योगात झाला. टेकडीच्या पोटात निसर्गाने जी जाळी युगानुयुगे विणली तिच्यासारखीच जाळी माणसाने पायथ्याच्या प्रयोगशाळेत विणली. दगडाकडे कुतूहलाने पाहणे हा रिकामटेकड्यांचा छंद नव्हे, हे पटविण्यासाठी मुलांना याहून चांगले उदाहरण कोणते द्यावे?

खाणीप्रमाणे विहिरीही हे स्फटिक देतात. आपला शेतकरी पाण्यासाठी काळा दगड फोडतो आणि पाण्याआधी कधी कधी त्याला स्फटिकांनी भरलेली खोली लागते. राहुरी तालुक्यातील मोमीन आखाडा येथे या शतकाच्या आरंभी विहीर खणताना हिरव्या ॲपोफिलाइटचे गोलाकार झुबके सापडले. तसे पूर्वी क्वचितच कोणी पाहिले होते. राहुरी ज्या जिल्ह्यात आहे त्याचे नाव २०२४ पर्यंत अहमदनगर होते, आता ते अहिल्यानगर आहे. आमचा दादरा व नगरहवेली हा प्रदेशही २६ जानेवारी २०२० पासून दमण व दीव यांच्याशी एक झाला आहे. गावांची, जिल्ह्यांची नावे अशी बदलतात. दगडाच्या नावालाही यातून सुटका नाही. १९७८ मध्ये शास्त्रज्ञांनी ॲपोफिलाइटच्या कुळाचे भेद ठरवून आपल्या हिरव्या दगडाला फ्ल्युओरॲपोफिलाइट म्हटले. २००८ मध्ये ते नाव फिरविले. आणि २०१३ मध्ये संग्राहकांच्या सोयीसाठी जवळजवळ पूर्वीचेच नाव पुन्हा आणले. नाव बदलले म्हणून काही बिघडत नाही. नोंद असली म्हणजे जुने आणि नवे जोडून घेता येते. परंतु गावाची नोंदच झाली नाही, तर ती पुढे कोणत्याही परिषदेला भरून काढता येत नाही.

खरी अडचण येथेच आहे. खनिजाचा नमुना हा इतिहासाचा पुरावा आहे, आणि गाव हरवलेला पुरावा साक्ष देऊ शकत नाही. खाणीतून मजुराच्या हाती, मजुराकडून फेरीवाल्याकडे, त्याच्याकडून शहरातल्या व्यापाऱ्याकडे आणि तेथून परदेशी, असा या दगडाचा प्रवास होतो. व्यापारी आपली विहीर, आपली खाण दुसऱ्यास कळू नये म्हणून मुद्दाम लांबचे नाव सांगतो. ‘पुणे’ ही चिठ्ठी तर अशा कित्येक दगडांना लागली की ज्यांनी पुणे कधी पाहिले नाही. आपल्याकडे चिठ्ठीला किंमत नाही. परदेशात मात्र जाणता संग्राहक नमुन्याआधी चिठ्ठी वाचतो. कोणत्या थरात, किती खोलीवर, कोणत्या खनिजाच्या सोबतीने हा स्फटिक वाढला, हे ठाऊक असेल तर त्यावरून दक्खनच्या पाषाणात पाणी कसे फिरले, तो किती तापला, केव्हा निवला, हे सांगता येते. तेवढे गेले की मागे उरतो तो एक सुंदर हिरवा खडा. शोभेसाठी पुरेसा, ज्ञानासाठी मुका.

आणि मजूर? आपल्या मुलखात दगड फोडण्याचे काम पिढ्यान् पिढ्या वडार समाजाने केले आहे. आज त्यांच्या जोडीला डोंगराळ भागातील कितीतरी गरीब कुटुंबे खाणीवर राबतात. पोकळीच्या आवाजावरून दगड पोकळ की भरीव हे ओळखणारा त्यांचा कान कोणत्याही विद्यापीठात तयार होत नाही. स्फटिक न दुखावता भोवतालचा दगड छिन्नीने कसा उतरवावा हे त्यांच्या हाताला माहीत असते. पण खाण चालते ती खडीसाठी. कायद्याच्या दृष्टीने इमारतीचा दगड हे गौण खनिज आहे. १९५७ च्या कायद्याने त्याचे नियम राज्य सरकारांनी करावयाचे आहेत. मोजमाप होते ते ब्रासचे. त्या ब्रासमध्ये एखादी अलौकिक पोकळी असली तरी ती यंत्राच्या जबड्यात खडी होऊन जाते. वाचली, तरी जो ती वाचवितो त्याच्या पदरी त्या मोलाचा अल्पच अंश पडतो. दगडाची धूळ मात्र पुरेपूर त्याच्याच छातीत जाते. फुप्फुसे कठीण करणारा सिलिकोसिस हा खाणकामगारांचा जुना वैरी आहे. काचेच्या कपाटातील दगडाकडे पाहताना त्याच्यामागची ही छाती आपल्या डोळ्यांपुढे आली नाही, तर आपले पाहणे अपुरे राहिले असे समजावे.

सुदैवाने, हे स्फटिक येथेच राहावेत असे वाटणारी माणसेही निघाली. नौदलातून निवृत्त झालेल्या के. सी. पांडे यांनी २००१ मध्ये नाशिक जिल्ह्यातील सिन्नर येथे ‘गारगोटी’ नावाचे संग्रहालय उभे केले. दक्खनच्या पाषाणातील खनिजे पाहण्यासाठी लंडन-न्यूयॉर्कला जावयास नको. ती सिन्नरला पाहता येतात. संग्रहालयाचे नावही त्यांनी आपल्या भाषेतील घेतले. गारगोटी हा शब्द खेड्यातल्या लहान मुलालाही कळतो, आणि ज्ञान आपल्या भाषेत आले की ते परके राहत नाही.

पाषाणच्या टेकड्यांभोवती आज शहर पसरले आहे. खाणी कायम नसतात. त्या बुजतात, त्यांच्यावर इमारती उभ्या राहतात. म्हणून जे नोंदवावयाचे ते खाण चालू असतानाच नोंदविले पाहिजे. या कामाला मोठा पैसा लागत नाही, आणि येथे आम्हा शिक्षकांकडे पाहावेसे वाटते. आमच्या वर्गात वारली, कोकणा, धोडिया घरांतील मुले आहेत. त्यांच्या खिशात नेहमी दगड असतात. नदीच्या पात्रातले, विहिरीच्या ढिगाऱ्यातले, रस्त्याच्या खडीतले. आपण बहुधा खिसे रिकामे करावयास सांगतो. त्याऐवजी वर्गात एक फळी ठेवावी, दगड तिच्यावर मांडावा आणि मुलाकडूनच एक चिठ्ठी लिहून घ्यावी. गाव, पाडा, विहीर की नदी, तारीख, आणि ज्याला सापडला त्याचे नाव. खनिजाचे नाव ठाऊक नसेल तर ती जागा कोरी सोडावी. ते नाव उद्या कोणी जाणता येऊन भरील. बाकीच्या पाच गोष्टी मात्र उद्या कोणालाही भरता येणार नाहीत.

सिल्वासात आदिवासी संग्रहालय आहे. तेथे या भूमीच्या माणसांचे दागिने, वाद्ये आणि अवजारे आहेत. त्याच भूमीच्या दगडांचे एक कपाट शेजारी उभे राहिले तर ते शोभून दिसेल, कारण माणूस आणि दगड यांचा संबंध येथे जात्यापासून देवापर्यंत सर्वत्र आहे. विहीर खणणाऱ्या शेतकऱ्यानेही एवढे करावे: पोकळी लागली की पहार थांबवून गावच्या शाळेत निरोप धाडावा. आणि नमुना विकावयाचा असेल तर खुशाल विकावा, दगडाचे पैसे होऊ नयेत असे कोण म्हणेल? पण विकताना गावाचे खरे नाव त्याच्यासोबत द्यावे. नाव खरे असले की दगडाचे मोल वाढते, कमी होत नाही, हे आता आपल्या लोकांना कळले पाहिजे.

मत्स्याक्ष म्हणून जो युरोपात परिचित झाला, पाने सुटतात म्हणून जो ॲपोफिलाइट झाला, स्याद्री म्हणून ज्याची चिठ्ठी लिहिली गेली, त्या दगडाला इतरांनी आपापल्या परीने नावे दिली. त्याबद्दल त्यांचे ऋण मानावे. गाव मात्र आपले आहे. ते सांगण्याचे काम दुसऱ्या कोणाचे नव्हे.